खालच्या खाचरातला कोपरा

वेणूबाईची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. शेजारच्या घरून पाळणा आणून आढ्याला टांगला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. साल त्र्याऐंशी, महिना श्रावण. आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. जांभूळ गावाच्या पलीकडची ती वाडी, आठ-दहा उंबऱ्यांची. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेलेला आणि डॉक्टर कुळगावात. मुलीला आदल्या दुपारी ताप भरला, आणि सकाळी पुतळाबाई, म्हणजे वेणूबाईची सासू, शेगडी पेटवायला आली तेव्हा तान्हीचं अंग निवलेलं होतं.

नाव न ठेवलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही. वाडीची पुरायची जागा नदीकाठी होती, ती पुरात बुडालेली. वेणूबाईच्या नवऱ्यानं, शंकरनं, पोरीला फडक्यात गुंडाळलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि कुदळ खांद्यावर टाकून तो एकटाच बाहेर पडला. परत आला तो कमरेपर्यंत चिखलानं भरलेला. विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ अंगावर पाणी ओतत राहिला, वरून पाऊस पडत असताना.

वेणूबाईनं बाजेवरूनच विचारलं, कुठं ठेवली. पुतळाबाई दारात आडवी आली.

"खालच्या खाचरात ठेवली. जागा ईचारू नको, बाय."

तशी रीतच होती. आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर ती तिथं जाऊन बसते, तिचा जीव त्या मातीत अडकतो आणि पुढचं मूल कुशीत धरत नाही. पुतळाबाई दुष्ट नव्हती. तिची स्वतःची दोन गेली होती आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं. बाईच्या जातीनं काय काय गिळायचं असतं, ते तिला ठाऊक होतं.

वेणूबाईनंही पुन्हा विचारलं नाही. पुढचं मूल मात्र तरीही आलं नाही.

खालचं खाचर म्हणजे सात-आठ गुंठ्यांचा तुकडा, खोलगट. वरच्या खाचरांचं सगळं पाणी उतरून तिथं साठायचं. पुढच्या वर्षी आवणीला ती त्या चिखलात उतरली तेव्हा पहिलं पाऊल टाकायलाच तिला अर्धा तास लागला. बरोबरच्या बाया रोपाच्या मुठी घेऊन पुढं गेल्या, गाणी म्हणायला लागल्या, आणि ही बांधावर उभी. पाय कुठं टाकायचा? सात-आठ गुंठ्यांत ती कुठंही असू शकत होती. सोमवार ती आधीपासून करायची, पण त्या दिवसापासून देवाकडं मागायचं तिचं एकच मागणं राहिलं. देवा, माझा पाय तिच्यावर पडू देऊ नको.

त्याच दिवशी तिला तो कोपरा दिसला. करंजाच्या झाडाखाली, दोन बांध मिळतात तिथं. चिखलात पाय पडला की बुडबुडे कुठंही येतात, ते तिला ठाऊक होतं, ती काही शहरातून आलेली नव्हती. पण इथं कुणी पाय ठेवला नव्हता, वारा नव्हता, बेडूक नव्हता, आणि पाणी आपोआप बुडबुडत होतं. एक, दोन, मग पाच-सहा बारीक एका ओळीत. मग थांबायचं, आणि पुन्हा एक. तान्हं पिऊन झाल्यावर ओठाच्या कडेला बुडबुडा काढतं, तसा. वेणूबाईनं अकरा दिवस तो बुडबुडा पाहिला होता, पदरानं पुसला होता. तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. त्या वर्षीपासून तो कोपरा ती सगळ्यांत शेवटी आणि एकटीनं लावायची, बांधावर ओणवं होऊन, हात पोचेल तेवढंच, पाय आत न घालता. बाया हसायच्या. वेणूवहिनीला कोपऱ्यात सोनं पुरलंय म्हणायच्या. पानाच्या द्रोणात चमचाभर दूध बांधावर ठेवायची, ते मुंग्या खायच्या. आणि बोलायची. गाय गाभण आहे, आजीला गुडघ्यानं चालवत नाही, यंदा करंजाला फुलं लवकर आली, असलं काहीबाही. उत्तरादाखल पाण्यातून बुडबुडा यायचा. सात पावसाळे असे गेले. दुःख गेलं नाही, पण त्याला बसायला जागा मिळाली होती.

एक्याण्णव सालच्या ज्येष्ठात सरपंचाच्या माणसाबरोबर एक मुलगी वाडीत आली. नाव वृंदा. वय तेवीस-चोवीस, चष्मा, पायात पावसाळी बूट आणि रिक्षातून उतरवलेल्या चार मोठ्या खोक्यांच्या मागं ती दिसेनाशी झालेली. मुंबईच्या एका संस्थेत शिकत होती आणि कुळगावात मावशीकडं राहून भाताच्या खाचरातून निघणारा गॅस मोजणार होती. तिला जास्तीत जास्त पाणी साठणारं खाचर हवं होतं. सरपंचानं शंकरचं दाखवलं.

पहिल्या दिवशी ओटीवर सगळी वाडी जमली. वृंदानं समजावून सांगितलं. पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथं पालापाचोळा, शेण, जुनी मुळं कुजली की एक गॅस तयार होतो. तो चिखलातून, रोपाच्या देठातून वर येतो आणि हवेत जाऊन मिसळतो. पृथ्वीभोवती अशा वायूंची गोधडी आहे. गोधडी हवीच, नाहीतर आपण गारठून मेलो असतो. पण कोळसा, पेट्रोल जाळून माणसानं त्या गोधडीवर आणखी गोधड्या चढवल्या आहेत. आत आलेली उन्हाची ऊब बाहेर जाता जात नाही, आणि जग हळूहळू तापत चाललं आहे. सगळ्यांत जास्त धूर गिरण्यांचा, विजेच्या कारखान्यांचा, मोटारींचा. पण हा चिखलातला गॅस वजनाला वजन लावलं तर धुरातल्या वायूपेक्षा कितीतरी पट जास्त ऊब धरून ठेवतो.

शंकर तंबाखू मळत ऐकत होता.

"म्हंजे अंबरनाथच्या चिमण्या ऱ्हायल्या बाजूला," तो म्हणाला, "नि जग तापवलं आमच्या भातानं."

लोक हसले. वृंदाही हसली. ती म्हणाली, काका, तुम्ही म्हणता तेच आमचे सरही म्हणतात. बाहेरच्या देशातल्या कुणीतरी टेबलाशी बसून आकडा काढला आहे, की हिंदुस्थानातली भातशेती भारंभार गॅस सोडते. आता इथं येऊन कुणी मोजलेलंच नाही. आपण मोजलं नाही तर त्यांचाच आकडा खरा ठरेल.

"मग मोजा," शंकर म्हणाला. "आमच्या भातावर आळ नको."

पुतळाबाईला गोधडीचं लगेच पटलं. म्हणूनच हल्ली चैत्रातच अंगाची लाही होते, असं ती म्हणाली, आणि पान लावायला लागली.

माणसं पांगल्यावर वेणूबाई वृंदाजवळ चहा घेऊन गेली. तिनं विचारलं, "तो वर गेलेला गॅस किती दिस ऱ्हातो?"

"दहा-बारा वर्षं, ताई. मग हवेतच विरून जातो."

वेणूबाईनं मनात वर्षं मोजली. आठ झाली होती. म्हणजे पहिल्या पावसाळ्यात वर आलेला पोरीचा श्वाससुद्धा अजून होता, इथंच, वर, कुठंतरी. त्या दिवशी परड्यात भांडी घासताना तिनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं आणि तिला हसू आलं. कितीतरी वर्षांनी आलं. जगाला त्या गॅसानं चटका बसत असेल, तिला ऊब वाटली.

मदतीला वृंदानं तिलाच घेतलं. वेणूबाई चौथी शिकलेली, घड्याळ कळत होतं, अक्षर वाचता येत होतं. काम साधं पण काटेकोर. चिखलात चार ठिकाणी पत्र्याच्या चौकटी रोवायच्या. ठरल्या वारी, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला, त्या चौकटींवर काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची पेटी पालथी घालायची. आतली हवा कोंडली जाते. लगेच एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा, अर्ध्या तासानं एकदा, इंजेक्शनच्या पिचकारीनं पेटीतली हवा ओढायची आणि रबरी बुचाच्या बाटलीत भरायची. बाटलीवर चिठ्ठी लावायची, पेटी एक, दोन, तीन, चार. मग पेट्या काढून ठेवायच्या. वृंदा दर आठवड्याला येऊन बाटल्या घेऊन जायची. तिकडं यंत्रात घातलं की आकडा निघायचा.

चौकटी रोवायच्या दिवशी वृंदानं विचारलं, बुडबुडे जास्त कुठं येतात? वेणूबाईनं मधल्या भागाकडं हात केला. तिथं तीन चौकटी रोवून झाल्या. चौथी हातात घेऊन वृंदा बांधावरून निघाली ती करंजाखाली येऊन थांबलीच.

"ताई, इथं बघा की. इथं तर नुसती उकळी फुटलीय."

वृंदानं चौकट चिखलावर ठेवली आणि एका कडेवर बूट ठेवून भार दिला. पत्रा चिखलात शिरायला लागला.

"हळू," वेणूबाई म्हणाली.

वृंदाला वाटलं रोपांसाठी म्हणतेय. तिनं पाय हलका केला, आणि पुन्हा दाबला.

त्या रात्री वेणूबाई जेवली नाही. एकादशी आहे म्हणाली. पुतळाबाईनं बोटांवर तिथी मोजली आणि सुनेकडं नुसतं बघितलं.

पहिल्या मोजणीला तिनं एक, दोन, तीन पेट्या नेमानं केल्या. चौथी घेऊन कोपऱ्याशी आली, चौकटीवर ठेवली. प्लास्टिकच्या आत वाफ धरली, बुडबुडे वर येऊन फुटायला लागले आणि बाहेर जायला त्यांना वाट राहिली नाही. पिचकारी तिच्या हातात होती. दवाखान्यातली असते तशीच पिचकारी. पंधरा मिनिटं सोडा, तिला पंधरा पळंही ते बघवलं नाही. तिनं पेटी उचलली, पाण्यावरून हात फिरवला, जशी काही वाफ पुसली, आणि परत जाऊन तिसऱ्या पेटीतलीच हवा दुसऱ्यांदा ओढून चौथीच्या बाटल्यांत भरली. चिठ्ठ्या नीट लावल्या. अक्षर रोजच्यापेक्षा सुबक काढलं.

खोटं तिला कधी जमलं नव्हतं. देवापुढं दिवा लावताना तिनं कबूल केलं, की हे मी करतेय, तू बघतोयस, पण मला दुसरं जमणार नाही. असं सात आठवडे चाललं.

भाद्रपदात, गौरी जाऊन दोन दिवस झाले असतील, वृंदा नेमाचा वार नसताना आली. हातात कागद होते. ती चिडली नव्हती, गोंधळली होती. एवढ्या उकळणाऱ्या कोपऱ्याचा आकडा शेजारच्या पेटीएवढाच कसा येतो, आणि तोही दर वेळी अगदी जुळा, हे सरांनी विचारलं होतं आणि तिला सांगता आलं नव्हतं. ती म्हणाली, ताई, आज चौथी मी करते, तुम्ही घड्याळ धरा.

वेणूबाईनं घड्याळ धरलं. गजराचं घड्याळ, दोन्ही हातांत, छातीशी. वृंदानं पेटी ठेवली. अर्धा तास ती तिथं उकिडवी बसून राहिली. शंकर वरच्या बांधाची मेर, म्हणजे फुटलेली कड, लिंपत होता. पेटीतली वाफ आणि बुडबुड्यांचा फेस बघून वृंदानं त्यालाच हाक मारली. काका, या कोपऱ्याखाली काही आहे का हो? काही पुरलेलं वगैरे?

वेणूबाईनं शंकरकडं बघितलं. आता तो सांगणार. आठ वर्षांनी, एका परक्या मुलीसमोर, दिवसाढवळ्या तो म्हणणार की हो, आहे. तिला भीती वाटली, आणि खोटं कशाला, थोडं बरंही वाटलं. एकदा कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं.

शंकरनं हातातला चिखल पाण्यात धुतला.

"अवो, तिथं आमचा उकिरडा व्हता. आज्याच्या येळचा. बापानं खाचर वाढवला तवा तसाच आत घेतला. माणूसभर खोल असंल, शेण नि पेंढा. म्हणून तर भात तिथं लोळतो."

वृंदाचा चेहरा उजळला. तरीच, ती म्हणाली, आणि वहीत लिहायला लागली. जुना शेणखताचा खड्डा, वर बारमाही ओल, म्हणजे गॅस येणारच. शंकर पुन्हा मेर लिंपायला लागला. किती सहज म्हणाला होता तो. जिथं आपलं मूल ठेवलंय, त्या जागेबद्दल कुठलाही बाप इतक्या सहज बोलणार नाही. वेणूबाईला तेवढ्यावरूनच कळलं.

"मंग ती कुठं हाय?" तिनं विचारलं.

शंकरचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही.

वृंदानं आधी एकीकडं पाहिलं, मग दुसरीकडं. वेणूबाईनंच मग घड्याळ पुढं धरून अर्धा तास झाल्याचं सांगितलं, आणि वृंदानं पिचकारी भरून घेतली.

चार दिवस वेणूबाई स्वयंपाक करायची, वाढायची. मोजणीचा वार आला तेव्हा ती पेट्या घेऊन खाचरात गेली. एक, दोन, तीन केल्या. चौथी चौकटीवर ठेवली आणि समोर उभी राहिली. बुडबुडे येत होते, तसेच, एका ओळीत. शेण कुजत होतं. तिनं पिचकारी खुपसली, दांडा मागं ओढला, बाटली भरली, चिठ्ठी लावली. पंधरा मिनिटांनी पुन्हा. तीस मिनिटांनी पुन्हा.

आभाळाकडं बघायचं तिनं सोडून दिलं. दहा-बारा वर्षं राहणारं वर काही होतं ते शेणाचं होतं.

पाचव्या दिवशी दोघं वरच्या खाचरात तण काढत होती. वाकल्या वाकल्या शंकर बोलायला लागला. तिच्याकडं न बघता, तणाशी बोलावं तसा.

"खणला मी. नाय खणला असं नको समजू. आधी खालच्या खाचरातच गेलो. हातभर खणला का पाणी भरायचा. उपसला, पुन्हा भरला. मग बांधावर खणला, तिथं पण तोच. तीन जागा केल्या. त्या पाण्यात ठेवली असती तर वर आली असती ती. माती टाकायची कशावर? कुत्री व्हती, कोल्हं व्हतं."

वेणूबाई तण उपटत राहिली.

"मग नदीवर गेलो," तो म्हणाला. "तिला दिली."

घरी येऊन त्यानं आईला खरं सांगितलं होतं. पुतळाबाई म्हणाली, नदीला दिली म्हणून कळलं तर ही बाळंतीण उठून नदीत जाईल. खाचरात ठेवली म्हण. आपल्या मातीत आहे म्हटलं की बाईला धीर धरवतो. एकदा म्हटलं, ते म्हटलं. पुढं मोडायचं कसं, ते त्याला कळलं नाही. वेणूबाई खाली कोपऱ्यात एकटीच वाकून काय करते, हे त्यानं पाहिलं नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, बाईमाणूस आहे, भाताची पूजा करत असेल.

"आठ वरसं मी उकिरड्याशी बोलले," वेणूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शंकरला सोसला असता.

घरी गेल्यावर ती पुतळाबाईसमोर बसली. म्हातारीला सगळं कळलंच होतं. सुपारी कातरायची थांबून ती म्हणाली, मला कुणी उकिरडासुद्धा दिला नव्हता गं बाय. आणि मग सासू-सुना दोघी मिळून रडल्या. घरात मूल गेलं त्या दिवशी जे व्हायला हवं होतं, ते आठ वर्षांनी झालं.

वेणूबाईनं एकच मागितलं. जागा दाखवा. शंकर म्हणाला, पाणी उतरू दे. दसरा गेला, दिवाळी गेली, कापणी झाली. रोज सकाळी त्याला भाकरी वाढून ती त्याच्यासमोर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उभी राहायची.

कार्तिकात वृंदा पेट्या न्यायला आली. आकडे तिनं ओटीवर बसून समजावून सांगितले. बाहेरच्यांनी कागदावर मांडला होता त्याच्यापेक्षा कितीतरी कमी गॅस शंकरच्या खाचरातून निघाला होता, आणि बाकीच्या ठिकाणांहूनही तसंच येत होतं. शंकरला त्यातल्या त्यात बरं वाटलं. आणि कोपऱ्याचं काय, त्यानं विचारलं. वृंदा म्हणाली, कोपरा इतका वेगळा आला की तो साधारण भातशेतीचा धरता येत नाही. सरांनी तो आकडा बाजूला काढला. अहवालात तीनच पेट्या असतील. आणि पहिल्या सात आठवड्यांच्या बाटल्यांचं काय झालं होतं ते तिनं ओळखलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

वेणूबाईच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचा अर्थही तिनं नंतर लावला होता. ती वेणूबाईच्या मागोमाग चुलीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला नव्हतं माहीत. मी पाय देऊन पत्रा दाबला तिथं."

"तिथं कोन नव्हता गं पोरी," वेणूबाई म्हणाली. "दाबलास ते बरा केलास." आणि तिच्या ओंजळीत नव्या तांदळाचे पोहे घातले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शंकर न सांगता उठला, त्यानं पायताण घातलं आणि अंगणात उभा राहिला. वेणूबाईनं पदर खोचला आणि ती त्याच्या मागं निघाली. नदी आता पात्राच्या मध्यावर गेली होती, गुडघाभर खोल. कातकऱ्यांच्या दोन बायका लांबवर मासे धरत होत्या. वरच्या अंगाला पंपाची घरघर होती.

शंकर काठावर इकडं तिकडं फिरला. एका खडकाशी थांबला, मग पुढं गेला, पुन्हा मागं आला. वेणूबाई बघत होती. त्याला जागा सापडत नव्हती.

"पाणी इथवर व्हता," तो शेवटी म्हणाला आणि आपल्या डोक्याच्या वर, चढावरच्या बाभळींकडं हात केला. "नदी अशी नव्हतीच. काठच दिसत नव्हता. मी तिकडं वरती उभा व्हतो का इकडं, ते मना आता आठवत नाय."

तिला एकाएकी कळलं, की त्या वर्षापासून या माणसानं नदीचा मासा घरात आणलेला नाही. मागितला तर बाजारातून सुका आणायचा. तिला वाटायचं, आपल्यासाठी करतो, आपल्याला वास सहन होत नाही म्हणून.

ती खाली वाळूत बसली. सांगायला जागा नव्हती. विरून जायला दहा-बारा वर्षं लागतील असंही काही नव्हतं. जे पाणी पोरीला घेऊन गेलं ते त्याच दिवशी खाडीला मिळालं असणार.

"तुम्ही किती येळ उभं व्हता?" तिनं विचारलं.

"दिसत व्हती तोवर."

"किती येळ दिसली?"

शंकर तिच्या शेजारी बसला. त्यानं पाण्याकडं बघितलं, आणि बोटानं वाळूत एक लहानशी रेघ ओढली.

"लय नाय," तो म्हणाला.

वेणूबाईनं त्या रेघेवर हात ठेवला. ऊन चढेपर्यंत दोघं तिथं बसून होती. मासे धरणाऱ्या बायका निघून गेल्या तरी बसून होती. मग ती उठली, पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. पाय कुठं टाकायचा याचा तिनं विचार केला नाही.